लेबल तुमचं, नोटीस आम्हाला

प्रति,
महाराष्ट्रात खाद्यपदार्थ बनवणारे, पॅक करणारे आणि परदेशातून आणणारे सर्व उद्योजक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवतो. तुमच्यापैकी बहुतेकांशी माझी ओळख नाही. तुमच्या सेल्समनशी आहे, डिस्ट्रिब्युटरच्या टेम्पोवाल्याशी आहे आणि तुमच्या लेबलांशी तर चांगलीच आहे. अन्न सुरक्षा अधिकारी, ज्यांना आम्ही अजून फूड इन्स्पेक्टरच म्हणतो, नमुना घ्यायला माझ्या दुकानाची पायरी चढतात. तुमचा कारखाना कुठे वापी-सिल्वासाला, कुठे इंदूरला. त्यांच्या हाताशी माझा रॅक असतो.

पद्धत तुम्हाला माहीत असेल, पण काउंटरच्या अलीकडून ती कशी दिसते तेही ऐका. साहेब पुडा उचलतात, रीतसर पैसे देऊन विकत घेतात, नमुन्याचे चार भाग करतात, सील लावतात, माझी सही घेतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन त्यांच्या वरिष्ठाकडे, म्हणजे पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा, मी मागणी केली तर माझ्याच खर्चाने, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. माल खोटा निघाला तर अहवालात तीनपैकी एक शब्द येतो: कमी दर्जा, असुरक्षित किंवा मिथ्याछाप. पहिल्या दोहोंचा अर्थ कुणालाही कळतो. तिसऱ्यात आतला माल अगदी चोख असू शकतो. लेबलवर जे हवं ते नाही, किंवा नको ते आहे, एवढंच. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली त्याला ३ लाखांपर्यंत दंड आहे.

आता कलम २७ काढा. मालाची जबाबदारी कुणाची, ते त्यात लिहिलंय. उत्पादकाची आहे, घाऊक विक्रेत्याची आहे आणि किरकोळ विक्रेत्याचीही आहे. मुदत संपलेला माल विकला, अस्वच्छ जागी ठेवला, कुणाकडून घेतला ते सांगता आलं नाही, तर दोष माझा. हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण विक्रेत्याच्या त्याच यादीत मिथ्याछाप मालही बसवलाय. म्हणजे घटकांची यादी तुमच्या ऑफिसात कुणीतरी अर्धवट टाइप केली, छपाईवाल्याने तशीच छापली, पुडा चार हातांतून माझ्याकडे आला, आणि खुलासा मी करायचा. माझ्या दुकानात शेकडो प्रकारचा माल आहे. प्रत्येक पुड्याचा कायदा मी पाठ करू?

सुटकेची एक वाट कायद्यानेच ठेवली आहे. ती तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

कलम २६ म्हणतं की विक्रेत्याला माल देताना त्याच्या दर्जाची लेखी हमी द्यायला हवी, आणि बिल हीच ती हमी धरली जाते. १ जानेवारी २०२२ पासून त्या बिलावर विकणाऱ्याचा १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असणंही सक्तीचं आहे. असं पक्कं बिल फाइलला असलं, तर मी योग्य ती काळजी घेतली होती हे दाखवायला माझ्याकडे कागद असतो. नसलं, तर मी आणि माझा गल्ला. एवढं साधं आहे. तरीही सणासुदीला टेम्पो येतो तेव्हा हातात पडतो तो पेनने लिहिलेला चिटोरा. ‘शेठ, बिल मागनं पाठवतो.’ मागनं काही येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मोठ्या कंपन्यांच्या डिलरांकडे ही अडचण कमी. फरसाण, खारी-टोस्ट, खजूर, मसाले, सुकामेवा फेरपॅक करणाऱ्यांकडे मात्र कच्च्या बिलाचीच रीत पडून गेलीय. त्या मालात आम्हाला नफा चार पैसे जास्त सुटतो, म्हणून दुकानदारही गप्प बसतात. आमच्या धंद्यातली ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

तारखेचं बघू. लेबलिंगचे नवे नियम २०२० साली आले आणि १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि वापरायची शेवटची तारीख, दोन्ही छापायच्या, आणि त्याही एकाच ठिकाणी. पूर्वीसारखं नुसतं ‘पॅकिंगपासून सहा महिने उत्तम’ लिहून गिऱ्हाइकाला बोटांवर मोजत बसवायचे दिवस संपले. कागदोपत्री. प्रत्यक्षात पुडा हातात घेतला की लेबल सांगतं: तारखेसाठी वरची कड पाहा. वरची कड म्हणजे सीलची कुरकुरीत पट्टी. तिच्यावर मशीनने काळ्या ठिपक्यांत काहीतरी उमटवलेलं असतं. निम्मे ठिपके चुण्यांत जातात, उरलेले अंगठ्याने पुसले जातात. काचेच्या बरणीच्या झाकणावरची शाई तेलाच्या बोटाने नाहीशी होते. तारीख पुसली गेलेला माल तपासणीत सापडला तर ती कारखान्यातून पुसून आली की माझ्या रॅकवर पुसली गेली, हे सिद्ध कोण करणार? शाईवर खर्च करा, हे माझं पहिलं मागणं. ते इतकं क्षुल्लक आहे की आजवर कुणी पत्र लिहून मागितलं नसेल.

अक्षरांचा आकार हा दुसरा छळ. पुड्याच्या समोरच्या बाजूला आंब्याची फोड, हसणारं पोर आणि ब्रँडचं नाव. आणि घटक, ॲलर्जीची सूचना, साठवण कशी करायची हे सगळं मागच्या शिवणीपाशी, फिक्या पार्श्वभूमीवर फिक्या अक्षरांत. नियमाने लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवं, आणि त्यासोबत दुसऱ्या कुठल्याही भाषेत लिहायला मुभा आहे. आमच्या दुकानांच्या पाट्या मराठीत करायला सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२३ ची मुदत घालून दिली होती, आम्ही केल्या. पाटीखाली उभं राहून जे विकतो, त्यावर मराठीची एक ओळ नसते. निदान शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन असे ॲलर्जीचे पदार्थ आणि ‘उघडल्यावर थंड जागी ठेवा’ ही सूचना मराठीत छापा. जाहिरात तर तुम्ही अस्सल सातारी बोलीतसुद्धा करता.

ज्या कारणासाठी खरं म्हणजे लिहायला बसलो ते आता. एक्स्पायरी.

किराण्यात माल विकला जातो तसा पडूनही राहतो. मुदत संपलेला माल विकायचा नाही, वेगळा ठेवायचा, त्यावर ठळक लिहायचं, हे आम्ही करतो. माझ्या गोदामाच्या कोपऱ्यात त्यासाठी एक खोकं कायम असतं. पुढे त्या खोक्याचं काय? सेल्समनला विचारलं तर म्हणतो, कंपनीची पॉलिसी बदलली. डिस्ट्रिब्युटर म्हणतो, मला कंपनी क्रेडिट नोट (परत मालाचे पैसे जमेला धरल्याचा कागद) देत नाही, मी तुला कुठून देऊ? काही कंपन्या विक्रीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच परत घेतात, काही फक्त फुटका माल घेतात, काही तोंडी ‘हो’ म्हणतात आणि पुढच्या खेपेला नवा सेल्समन पाठवतात. त्याला आधीच्याचं काही माहीत नसतं. खोकं भरत जातं. मग भंगारवाला येतो आणि सहज विचारतो, ‘बिस्किटं द्यायची का, जनावरांना घालायला?’ ती जनावरांच्याच पोटात जातात की तारखेची पट्टी पुसून दुसऱ्या बाजारात जातात, मला सांगता येणार नाही. मी देत नाही. पण ज्याच्या दुकानाचा हप्ता थकलाय तो किती दिवस नाही म्हणेल?

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तुम्हा उत्पादकांना, फेरपॅकिंग करणाऱ्यांना आणि आयातदारांना सांगितलंय की नाकारलेल्या आणि मुदत संपलेल्या मालाचा हिशेब दर तिमाहीला फॉसकॉस या प्राधिकरणाच्या परवाना-नोंदणी पोर्टलवर भरा: किती माल चाचणीत नापास झाला, किती बाजारातून परत आला, त्याची विल्हेवाट कशी लावली, नष्ट केला की पशुखाद्याला दिला, घेणारा कोण. उत्तम. पण जो माल तुम्ही परत घेतच नाही तो या हिशेबात येणार कसा? माझ्या कोपऱ्यातलं खोकं तुमच्या तक्त्यात शून्य दिसतं. राज्यातल्या प्रत्येक गल्लीत असं एक खोकं आहे असं धरा, आणि मग त्या तिमाही आकड्यांकडे बघा.

एक्स्पायरीच्या आधीचा खेळ तर आणखी मजेशीर. महिन्याअखेर टार्गेट भरायचं असलं की स्कीम येते: दहा पेट्यांवर दोन फुकट. पेटी फोडली की कळतं, मुदतीचे सहा आठवडे उरलेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बजावलं की गिऱ्हाइकाच्या हातात माल पडेल तेव्हा त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक हवेत. आता तुम्हीच सांगा, ऑनलाइनवाल्यांना हा निकष लागला तर कमी मुदतीचा माल कुठे सरकणार? उतार जिकडे असेल तिकडे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ताजं बिस्किट आणि आमच्या तालुक्याला स्कीमचं. असा निकष किराणा दुकानदाराला माल देतानाही पाळा. सक्ती व्हायची वाट बघू नका. तुमच्या डिस्ट्रिब्युटरशी केलेल्या करारात एक ओळ घातली तरी पुरे.

आयातदारांशी थोडं वेगळं बोलायचंय. पूर्वी परदेशी माल म्हणजे आमच्याकडे ऑलिव्ह तेलाची एखादी बाटली, तीही डॉक्टरांच्या घरी. आता आठवी-नववीतली पोरं कोरियन नूडल्स मागतात, तिखट किती आहे ते मोबाइलवर बघून येतात. तुर्की चॉकलेट, मलेशियाच्या वेफर्स, दुबईचं काय काय. हा माल रीतीने न्हावा शेवा बंदरात उतरलेला असतो तेव्हा ओळखू येतो. मागे आयातदाराचं नाव-पत्ता, प्राधिकरणाचं चिन्ह, परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असलेलं स्टिकर असतं. असं स्टिकर कस्टमच्या गोदामात लावायला परवानगी आहे, ते मला माहीत आहे. पण ही सवलत एवढ्याच गोष्टींची. बनवल्याची तारीख, शेवटची तारीख, घटक हे मूळ लेबलवरच छापून आलेलं असायला हवं, वरून चिकटवता येत नाही. म्हणून जिथे स्टिकर नेमकं मूळ तारखेच्या डोक्यावर बसवलेलं दिसतं, तिथे मी ते नखाने सोलून बघतो. कधी खाली काहीच भानगड नसते, लावणाऱ्या मजुराचा निष्काळजीपणा असतो. कधी असते.

२०१७ च्या आयात नियमांत असं आहे की कस्टममधून सुटताना मालाची ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं तरी शिल्लक हवं. दीड वर्षाची मुदत असलेला डबाही म्हणजे तीन महिन्यांच्या शिलकीवर सुटू शकतो. तिथून भिवंडीचं गोदाम, मग पुण्याचा घाऊक व्यापारी, मग आम्ही. आमच्याकडे पोचेपर्यंत काय उरणार? नियम पाळूनही माल मेलेला पोचतो, तो असा. वर तुमचा परतीचा दरवाजा देशी कंपन्यांपेक्षाही घट्ट बंद असतो.

आणि ती मांसाहाराची खूण. आता गोल नाही, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. २०२० च्या नियमांनी बदललं, कारण रंग न ओळखणाऱ्या माणसाला हिरवा ठिपका आणि तपकिरी ठिपका सारखाच. चांगला बदल. पण खूण पुड्याच्या मागे, स्टिकरच्या कोपऱ्यात, तीळभर छापलीत तर श्रावणातल्या सोमवारी जेलीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन माझ्याशी भांडायला येणाऱ्या आजींना मी त्रिकोण कसा दाखवू? आजी कायद्यात नाहीत, त्यांना उत्तर मलाच द्यावं लागतं.

लहान उत्पादकांनो, बचत गटाच्या ताईंनो, तुम्हाला या पत्रात वेगळा सूर लागलेला दिसेल. तुमचा माल मी आवडीने ठेवतो. शेवया, सांडगे, कांदा-लसूण मसाला, लोणची यांना गिऱ्हाईक आहे, आणि पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळाल्याने काहींनी यंत्रंही चांगली घेतलीत. अडतं ते पाकिटाच्या पाठीवर. नोंदणी झाली म्हणजे सगळं झालं असा समज आहे. नोंदणी ही धंद्याची. लेबल प्रत्येक मालाचं. घटक उतरत्या क्रमाने, दोन्ही तारखा, बॅच नंबर, पोषणमूल्यं, शाकाहारी खूण, नोंदणी क्रमांक, पत्ता. एमआरपी, निव्वळ वजन आणि तक्रारीसाठी फोन नंबर हे वैधमापनशास्त्रवाल्यांचं, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्यांचं खातं. त्यांचे साहेब वेगळे, दंडही वेगळा. पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटकांची यादी आणि पोषणमूल्यं त्यावर नसली तरी चालतात, मात्र ती मोठ्या बाहेरच्या पाकिटावर हवीत. पाच रुपयांच्या पुड्यांची लडी करणाऱ्यांना हे ठाऊक असलं तर बरीच धडपड वाचेल. चूक झालीच, तर कलम ५२ मध्येच लेबल दुरुस्त करून घेण्याचा आदेश देण्याची सोय आहे, दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे ती मागा. घाबरून पाकिटं लपवू नका.

आणि कृपा करून ‘डायबेटिसला चालेल’ लिहू नका. गूळ घातला म्हणून लाडू औषध होत नाही.

दाव्यांच्या बाबतीत मात्र मोठ्यांना माझा जास्त राग आहे. ताई ‘घरगुती’ लिहितात तेव्हा ते निदान खरं असतं. तासाला हजारो पुडे भरणाऱ्या कारखान्याच्या चकलीवर ‘घरची चव, घरी बनवलेली’ असं छापलेलं असतं, तेव्हा? गिऱ्हाइकाचा गैरसमज होईल असा ‘घरी बनवलेलं’ हा दावा करू नये, असं २०१८ च्या जाहिरात आणि दावे नियमांत स्पष्ट आहे. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ असे शब्द ब्रँडच्या नावातच असले तर ते फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचा खरा गुणधर्म नव्हे, अशी सूचना किमान ३ मिलिमीटर अक्षरांत छापायची असते. तुमच्यापैकी कितीजण छापता ते रॅकवर उभं राहून मोजा. जून २०२४ मध्ये अर्कात पाणी घालून केलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला सांगितला गेला, जुनी छापील वेष्टनं संपवायला १ सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत होती. आई-बाप इतकी वर्षं तो डबा पोराच्या दप्तरात फळाऐवजी घालत होते.

पनीरचंही सांगतो, कारण आता तालुक्यालाही फ्रिज ठेवून विकतात. वनस्पती तेलापासून केलेला पनीरसारखा पदार्थ विकणं गुन्हा नाही, त्याला पनीर म्हणून विकणं गुन्हा आहे. कारखान्याच्या खोक्यावर ‘अ‍ॅनालॉग’ (म्हणजे पनीरसारखं, पण पनीर नव्हे) असं नियमाने छापलेलं असतं. खोकं डिस्ट्रिब्युटरकडे फुटतं, आत पाच-पाच किलोच्या कोऱ्या लाद्या निघतात, आणि रेट पत्रकावर लिहिलेलं असतं ‘पनीर नं. २’. तुम्ही म्हणाल, आमचं लेबल बरोबर होतं. लादीवर छापा. प्रत्येक लादीवर.

५ जून २०१५ आमच्या धंद्यातल्या कुणी विसरलेलं नाही. मॅगी बंद करण्याचा आदेश आला तेव्हा त्यात शिशाच्या प्रमाणाबरोबर ‘एमएसजी घातलेलं नाही’ (एमएसजी म्हणजे चव वाढवणारा क्षार) या लेबलवरच्या ओळीचाही मुद्दा होता. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू ऐकून न घेणं आणि प्रयोगशाळांची मान्यता या मुद्द्यांवर तो आदेश रद्द केला, पुन्हा चाचण्या झाल्या, नोव्हेंबरमध्ये माल परत आला. कोण बरोबर, त्यावर अजून वाद घालता येईल. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात आहे: देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून माल परत उचलता येतो. तुमच्याकडे गाड्या आहेत, माणसं आहेत, हिशेब आहेत. एका आदेशाने जे होऊ शकतं ते माझ्या एक्स्पायरीच्या खोक्यासाठी दर तिमाहीला का होऊ नये?

आमच्या बाजारपेठेतल्या काही दुकानदारांनी मिळून ठरवलंय, ते कळवून थांबतो. येत्या दिवाळीच्या मालापासून परवाना क्रमांक नसलेल्या बिलावर माल उतरवून घ्यायचा नाही. पेटी टेम्पोवरच फोडून तारीख बघायची. अंगठ्याने पुसली गेली किंवा स्टिकरखाली गेली तर पेटी तशीच परत. ३० टक्के मुदत शिल्लक नसलेला माल स्कीममध्येही नको. आणि मुदत संपलेला माल किती दिवसांत उचलणार, क्रेडिट नोट कधी देणार, हे डिस्ट्रिब्युटरने बिलाच्या मागे शिक्क्यासह लिहून द्यायचं. जे देणार नाहीत त्यांच्या मालाची रॅकवरची जागा बचत गटांना दिली जाईल, लेबल नीट असलेल्या.

दिवाळीच्या ऑर्डरी आम्ही गणपती उठले की लिहायला घेतो. त्याआधी तुमच्या एरिया मॅनेजरला एकदा तालुक्याला पाठवा. सेल्समनला नको, त्याच्या हातात काही नसतं.

आपला,
एक किराणा दुकानदार
जिल्हा सातारा